'टिल फ्रायडे': हळदीच्या एका व्यवहारातील इंग्रजी वाक्याचे प्रकरण

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकनामुळे आता बाहेरही ओळखली जाते. ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हे प्रकरण आहे ती त्या गावची नाही. मात्र ती त्याच पट्ट्यातील आहे आणि तिच्या सभासदांच्या वावरातही हळदच मुख्य आहे. कंपनीचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे देत नाही. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर मी आठवड्यातून दोन दिवस या कंपनीचे हिशोब आणि पत्रव्यवहार पाहतो, त्यामुळे जे घडले ते मी जवळून पाहिले आणि त्यातील चुकीचा काही वाटा माझाही आहे.

2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली आणि शेतकऱ्यांना एकत्र येऊन स्वतःच्या नावाने व्यापार करण्याची वाट मोकळी झाली. भागभांडवल, लेखापरीक्षण, संचालक मंडळ या गोष्टी सल्लागाराकडून समजून घेता येतात. रोजचा पत्रव्यवहार मात्र अखेरीस कार्यालयातील एका माणसाच्या टेबलावर येऊन पडतो. आमच्याकडे ते टेबल एका तेवीस वर्षांच्या मुलीचे आहे. ती वाणिज्य शाखेची पदवीधर असून घरची चार एकर हळद आणि तूर सांभाळून नोकरी करते. संगणकात ती तरबेज आहे, मराठी माध्यमात शिकलेली आहे आणि इंग्रजी पत्रे तिने जुन्या फायली पाहून शिकली. प्रकरणाचे मूळ या जुन्या फायलींत आहे, त्याकडे पुढे येतोच.

जानेवारीत इंग्लंडमधील एका लहान मसाला आयातदाराशी 500 किलो हळद भुकटीची बोलणी सुरू झाली. पहिले दरपत्रक किलोमागे 210 रुपयांचे गेले. त्यानंतर आयातदाराने पोत्याच्या आत वेगळे प्लॅस्टिकचे अस्तर मागितले, शिवाय प्रयोगशाळेची एक वाढीव तपासणीही मागितली. हा खर्च धरून कंपनीने 224 रुपयांचे सुधारित दरपत्रक केले. म्हणजे फरक किलोमागे 14 रुपयांचा आणि पूर्ण मालावर 7,000 रुपयांचा झाला. निर्यातीच्या आकड्यांत ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्या कंपनीत तेवढ्यात हळद उकडणाऱ्या मजुरांचा एक आठवड्याचा पगार निघतो.

मंगळवारी संध्याकाळी सुधारित दरपत्रक पाठवायचे होते. वीज गेली होती, संगणक बंद होता, म्हणून तिने मोबाइलवरून ईमेल केला. त्यातील मजकूर मी जसाच्या तसा येथे देतो, कारण पुढचे सर्व काही या दोन वाक्यांवर अवलंबून आहे:

'रिस्पेक्टेड सर, प्लीज फाइंड द अटॅचमेंट हिअरविथ. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक द सेम टिल फ्रायडे.'

तिला म्हणायचे होते ते असे: सुधारित दरपत्रक सोबत जोडले आहे, ते पाहून खरेदी आदेश द्यावा आणि आपला निर्णय शुक्रवारच्या आत कळवावा. दरपत्रक सुधारित आहे हा उल्लेख मजकुरात कोठेही नव्हता, विषयाच्या ओळीत फक्त 'कोटेशन' हा शब्द होता, आणि जोडलेली फाइल जुनी होती.

फाइल जुनी कशी गेली, हे सांगण्यासारखे आहे. संगणकावर दोन दरपत्रकांची नावे 'कोटेशन टर्मरिक पावडर फायनल' आणि 'कोटेशन टर्मरिक पावडर फायनल न्यू' अशी होती. मोबाइलच्या पडद्यावर फाइलचे लांब नाव पूर्ण दिसत नाही. दोन्ही ठिकाणी 'कोटेशन टर्मरिक पा' इतकेच दिसत होते आणि पुढे तीन टिंबे होती. तिने वरची निवडली. जीमेलमध्ये एक चांगली सोय अशी आहे की मजकुरात जोडपत्राचा उल्लेख असेल आणि फाइल जोडलेलीच नसेल, तर पाठवण्यापूर्वी ते आपल्याला विचारते. येथे फाइल जोडलेली होती, त्यामुळे त्याने विचारण्याचा प्रश्नच नव्हता. चुकीची फाइल यंत्राला कळत नाही. ती कळण्याची एकच जागा होती, मजकुरातील वाक्य. आणि त्या वाक्यात फाइलची तारीख, दर किंवा आवृत्ती यांपैकी काहीही नव्हते.

बुधवारी दुपारी उत्तर आले. 'थँक्स, नोटेड. वुई विल गो विथ द अटॅच्ड कोटेशन.' कार्यालयात समाधान पसरले. आयातदाराने दरपत्रक पाहिले, मान्य केले, आता खरेदी आदेश येईल, असा सर्वांनी अर्थ घेतला. 'नोटेड' या शब्दाला आपण मंजुरीचे वजन देतो. त्याचा अर्थ केवळ 'नोंद घेतली' एवढाच असतो, आणि कशाची नोंद घेतली हे पाठवणाऱ्याने काय पाठवले यावर ठरते. गुरुवारी खरेदी आदेश आला तो 210 रुपयांचा. व्यवस्थापकांनी तो छापून हातात घेतला आणि माझ्यासमोर धरला.

'बाप्पा, काका, हा तं जुन्याच भावात माल मागून राह्यला!'

आदेशासोबतच्या चार ओळींत आयातदाराने कंपनीचे आभार मानले होते, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे कंपनीने आधीचा दर शुक्रवारपर्यंत पुन्हा लागू केला होता आणि म्हणून त्याने मुदतीच्या आत, गुरुवारीच, आदेश दिला होता.

व्यवस्थापकांचे पहिले मत असे होते की समोरचा माणूस लबाडी करतो आहे. मी तो ईमेल इंग्रज वाचकाच्या नजरेने पुन्हा वाचला तेव्हा माझे मत उलट झाले. त्याने अगदी नीट वाचले होते.

'रिव्हर्ट' या क्रियापदाचा इंग्रजीतील मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे. भाडेपट्टा संपला की मालमत्ता मूळ मालकाकडे 'रिव्हर्ट' होते. एखादा बदल रद्द करून जुनी आवृत्ती परत आणली की त्यालाही हेच क्रियापद लागते. उत्तर देणे हा त्याचा अर्थ भारतात, सिंगापुरात आणि मलेशियात कार्यालयीन इंग्रजीत रुळला आहे, आणि दिल्ली किंवा बंगळूरूच्या खरेदीदाराला लिहिताना त्याने कोणाचेही काही बिघडत नाही. इंग्लंडमधील वाचकाला मात्र प्रथम जुनाच अर्थ दिसतो. त्यातच पुढे 'द सेम' होते. 'रिव्हर्ट बॅक द सेम' हे त्याने 'पुन्हा त्याच जुन्या गोष्टीकडे जा' असे वाचले. कोणती जुनी गोष्ट, हे शोधण्यासाठी त्याने जोडलेली फाइल उघडली, आणि तीत 210 रुपयांचे जुने दरपत्रकच होते. वाक्य आणि फाइल यांनी एकमेकांना दुजोरा दिला. वाक्य चुकले असते आणि फाइल बरोबर असती, तर त्याने गोंधळून विचारले असते. फाइल चुकली असती आणि वाक्यात 'किलोमागे 224 रुपयांचे सुधारित दरपत्रक' असे शब्द असते, तरीही विचारले असते. दोन चुका एकाच दिशेने पडल्या, म्हणून कोणालाही शंका आली नाही.

'बॅक' या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की 'रिव्हर्ट' मध्ये परतण्याचा अर्थ आधीच आहे. 'रिव्हर्ट बॅक' म्हणजे आपला 'पिवळा पितांबर'.

खरा घात केला तो 'टिल' ने. मराठीत 'शुक्रवारपर्यंत' हा एकच शब्द दोन कामे करतो. 'शुक्रवारपर्यंत उत्तर द्या' म्हणजे शुक्रवार संपण्याच्या आत एकदा उत्तर द्या. 'शुक्रवारपर्यंत दुकान उघडे आहे' म्हणजे शुक्रवार येईतो ते सतत उघडे राहील. पहिल्या वाक्यात मुदतीच्या आत एकदाच घडणारी क्रिया आहे, दुसऱ्यात मुदतीपर्यंत चालू राहणारी अवस्था आहे, आणि प्रसंगावरून अर्थ लागत असल्याने मराठी माणसाला त्यांत अडचण येत नाही. इंग्रजीत या दोन कामांसाठी दोन वेगळे शब्द आहेत: मुदतीच्या आत एकदा करायचे असेल तर 'बाय', मुदतीपर्यंत चालू राहायचे असेल तर 'टिल' किंवा 'अन्टिल'. 'रिव्हर्ट टिल फ्रायडे' याचा इंग्रजी कानाला लागणारा अर्थ 'शुक्रवार येईतो जुन्या स्थितीत राहा' असाच होतो. म्हणजे आयातदाराच्या आदेशातील मुदतीचा उल्लेख त्याने मनाने घातला नव्हता, आमच्याच 'टिल' मधून उचलला होता.

मी तिला हे समजावून सांगितले तेव्हा ती रडवेली झाली नाही, उलट थोडी चिडली, आणि तिचे चिडणे मला रास्त वाटले. 'काका, म्या काय मनानं नाही लिवलं. सगळ्याइच्या मेलमंधी असंच रायते. तुमच्या बी.'

माझ्याही ईमेलमध्ये तसेच असते, हे खरे होते. बँकेत तीस वर्षे मी 'काइंडली डू द नीडफुल' लिहिले आणि कधीही थांबून त्याकडे पाहिले नाही. मागील सहा महिने तिची पत्रे माझ्या नजरेखालून जात होती. मी आकडे तपासत होतो, वाक्ये तपासत नव्हतो. म्हणून त्या दिवशी आम्ही दोघांनी जुन्या फायली काढल्या आणि ते वाक्य कोठून आले याचा माग घेतला.

तालुका कृषी कार्यालय, जिल्हा परिषद आणि बँक यांच्याशी कंपनीचा जो मराठी पत्रव्यवहार होता, त्यात एक ठरलेला साचा दिसतो: 'यासोबत जोडलेले पत्र पाहावे. उचित कार्यवाही करून सदरची माहिती शुक्रवारपर्यंत उलट टपाली कळवावी.' आता हे वाक्य आणि तिचे इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'यासोबत' चे 'हिअरविथ' झाले, 'जोडलेले पाहावे' चे 'प्लीज फाइंड द अटॅचमेंट', 'उचित कार्यवाही करून' चे 'डू द नीडफुल', 'सदर' चे 'द सेम', 'शुक्रवारपर्यंत' चे 'टिल फ्रायडे', आणि 'उलट टपाली' चे 'रिव्हर्ट बॅक'. एकही शब्द तिने स्वतःहून घातलेला नव्हता. कार्यालयीन मराठीचा साचा तिने इंग्रजी शब्दांनी भरला होता, तोही अतिशय प्रामाणिकपणे.

यात एक गंमत आहे, आणि ती प्रकरणाशी निगडित असल्याने सांगतो. आपली कार्यालयीन मराठी तरी कोठे आपल्या घरात जन्मली? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. त्याआधीपासून भाषा संचालनालय परिभाषा घडवीत होते आणि त्या काळच्या टिपण्या, शेरे, मसुदे बव्हंशी इंग्रजी नमुन्यांवरून मराठीत येत होते. 'डू द नीडफुल' हा एकेकाळी खुद्द इंग्लंडमधील पत्रांत चालणारा प्रयोग होता. तेथे तो मागे पडला, आपल्याकडे टिकला. 'द सेम' हे सर्वनामही जुन्या व्यापारी इंग्रजीतले. जुनी इंग्रजी कार्यालयीन मराठीच्या वाटेने समुद्रपूर तालुक्यापर्यंत आली आणि तेथून मोबाइलवर चढून पुन्हा इंग्लंडला गेली. तिकडे आता तिला कोणी ओळखत नाही.

एक लहान प्रसंग याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर घडला होता, तोही त्याच जातीचा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाचा फोटो पाठवून तिने खाली लिहिले होते, 'काइंडली गिव्ह द रिसीट.' तिला 'पोच द्यावी' असे म्हणायचे होते. आयातदाराने विचारले की आम्ही अजून पैसे दिलेले नाहीत, मग पावती कसली? मराठीत पोच आणि पावती वेगळी आहे, आणि 'पोचपावती' असा जोडशब्दही आहे. इंग्रजीत एकाच 'रिसीट' ला दोन्ही अर्थ आहेत, पण मिळाल्याची खातरजमा हवी असेल तर 'कन्फर्म रिसीट' असे म्हणतात. 'द' लावला आणि 'द्या' म्हटले की ती पैशांची पावती होते. 'मिळाले का ते कळवा' एवढे साधे इंग्रजीत लिहिले असते तरी पुरले असते. शिवाय तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपने लहान केल्यामुळे आकड्यांतील दशांश चिन्ह पुसट झाले होते. तोच अहवाल डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर नीट वाचता आला. 'क्लिअर कॉपी अटॅच्ड' असे लिहून पुसट फोटो पाठवला, तर वाक्य खोटे ठरते, हे तिने स्वतःच म्हटले.

दुरुस्ती कशी करायची, यावर संचालकांच्या बैठकीत दोन तास गेले. एका संचालकांचे म्हणणे होते की तो ईमेल परत घ्यावा. जीमेलमध्ये पाठवलेला संदेश मागे घेण्याची सोय आहे, पण ती जास्तीत जास्त 30 सेकंदांची. येथे दोन दिवस उलटले होते. दुसरे म्हणाले की चूक झाली असे लिहून आदेश नाकारावा, चुकून झालेला करार करार कसा? कायदा इतका सैल नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 22 प्रमाणे केवळ एका पक्षाचा वस्तुस्थितीबद्दल गैरसमज होता एवढ्याने करार रद्द करण्याजोगा होत नाही, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चे कलम 10-अ सांगते की करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला एवढ्याच कारणाने तो अमलात न आणण्याजोगा ठरत नाही. मी वकील नाही आणि परदेशी खरेदीदाराशी असलेल्या व्यवहाराला कोणता कायदा लागू पडतो हा निराळा विषय आहे. पण दरपत्रक पाठवले, त्याने ते स्वीकारले, आणि दोन्ही गोष्टी लेखी आहेत, हे पाहता भांडणाचा सूर लावणे शहाणपणाचे नव्हते, एवढे सर्वांना पटले.

मग दुरुस्तीचा ईमेल लिहायला आम्ही दोघे बसलो. तिचा पहिला मसुदा होता, 'प्लीज इग्नोर माय प्रीव्हियस मेल अँड फाइंड रिव्हाइज्ड कोटेशन. सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स.' दिसायला सभ्य आहे, आणि रोज हजारो लोक असेच लिहित असतील. पण यातील प्रत्येक शब्दावर अडखळावे लागते.

'प्रीव्हियस मेल' कोणता? मंगळवारनंतर आमच्याकडून आणखी दोन ईमेल गेले होते, त्यांतील एकात प्रयोगशाळेचा अहवाल होता. आधीचा ईमेल दुर्लक्षित करा म्हटले, तर तो अहवालही गेला. बाद करायचे होते ते एका ईमेलला जोडलेले एक दरपत्रक. म्हणून तारीख आणि फाइल दोन्ही लिहिणे भाग होते. 'इग्नोर' ऐवजी आम्ही 'डिसरिगार्ड' घेतला. दोन्ही चालतात, पण 'डिसरिगार्ड' मध्ये कागद विचारात घेऊ नका एवढीच सूचना आहे, 'इग्नोर' मध्ये किंचित तिरस्काराची छटा आहे.

'रिव्हाइज्ड' हा शब्द तर येथे धोकादायक होता. सुधारित म्हणजे आम्ही पुनर्विचार करून आता बदललेले. आदेश मिळाल्यानंतर 'सुधारित' दरपत्रक पाठवले असते, तर आयातदाराला तो सरळसरळ भाववाढीचा प्रयत्न वाटला असता. वस्तुस्थिती अशी होती की 224 चे दरपत्रक त्या ईमेलच्या आधीच तयार होते. चुकीची फाइल गेली होती. त्यासाठी योग्य शब्द 'करेक्ट', म्हणजे बरोबर असलेले. 'सुधारित' आणि 'बरोबर' यांतील हा फरक मराठीतही आहेच, पण आपण कार्यालयात सरसकट 'सुधारित' म्हणून मोकळे होतो.

'इनकन्व्हिनियन्स' म्हणजे गैरसोय. रेल्वेस्थानकावरील उद्घोषणेत ते शोभते, कारण तेथे कारण सांगायचे नसते. आम्हाला चूक कबूल करायची होती, म्हणून 'मिस्टेक' हाच शब्द लिहिला. व्यवस्थापकांना तो खटकला. चूक लिहून दिली तर तो आपल्याला धरेल, अशी त्यांची भीती होती. माझे म्हणणे असे की आदेश त्याच्या हातात होताच. आमच्या बाजूने बोलू शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खरे कारण.

'बाय फ्रायडे' लिहिल्यावरही एक गाठ उरली होती. आपली शुक्रवार संध्याकाळ आणि इंग्लंडची शुक्रवार संध्याकाळ एक नव्हे. फेब्रुवारीत इंग्लंडचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तेथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा समुद्रपुरात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. म्हणून वारासोबत तारीख, वेळ आणि कोणत्या देशाची वेळ हेही लिहिले. शेवटी जो ईमेल गेला, त्याचा आशय मराठीत असा होता: मंगळवारी आम्ही पाठवलेल्या ईमेलला चुकीचे दरपत्रक जोडले गेले, ती आमची चूक आहे. ते, म्हणजे किलोमागे 210 रुपयांचे दरपत्रक, कृपया विचारात घेऊ नये. आपण मागितलेले आतील अस्तर आणि वाढीव तपासणी धरून केलेले बरोबर दरपत्रक, किलोमागे 224 रुपयांचे, या ईमेलला जोडले आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आधी पाठवलेलाच कायम आहे. या दराने आदेश देणे शक्य आहे का, हे अमुक तारखेच्या शुक्रवारी इंग्लंडच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत कळवावे.

इंग्रजीत ते सहा वाक्यांत बसले. 'काइंडली' एकदाही आले नाही. त्याच्या जागी एकदा 'प्लीज' आणि एकदा 'कुड यू' आले. 'काइंडली' चुकीचे नाही, पण आपण ते प्रत्येक वाक्याला हळदीकुंकवासारखे लावतो, आणि परक्या वाचकाला कधी कधी त्यात साहेबी हुकूम ऐकू येतो. 'रिस्पेक्टेड सर' ऐवजी 'डिअर मिस्टर' आणि त्याचे आडनाव आले. ती थोडी संकोचली होती. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला आडनावाने हाक मारणे उद्धटपणाचे. त्यांच्याकडे पत्रात तीच रीत आहे, हे तिला पटायला वेळ लागला.

'अटॅच्ड' बद्दलही येथेच लिहितो. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' ही जुनी, औपचारिक पण बरोबर घडण आहे. 'प्लीज फाइंड द अटॅचमेंट' म्हटले की वाचणाऱ्याला जोडपत्र शोधून काढायला सांगितल्यासारखे होते. 'एनक्लोज्ड' हे लिफाफ्यात घातलेल्या कागदासाठी, आणि 'पीएफए' हे संक्षिप्त रूप आपल्याकडील कार्यालयांबाहेर क्वचितच कळते. मला स्वतःला आता 'द कोटेशन इज अटॅच्ड' हे सर्वांत आवडते, कारण त्यात कोणती वस्तू जोडली तिचे नाव घ्यावेच लागते आणि ते घेताना हात आपोआप फाइलकडे जातो. त्या मंगळवारी तिने 'किलोमागे 224 रुपयांचे दरपत्रक जोडले आहे' असे इंग्रजीत लिहिले असते, तर पाठवण्यापूर्वी फाइल उघडून तो आकडा पाहण्याची इच्छा झाली असती.

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास उत्तर आले. आयातदाराने लिहिले होते की 'रिव्हर्ट' वाचून त्यालाही थोडे नवल वाटले होते, पण सोबतचे दरपत्रक पाहून त्याची खात्री झाली. त्याने पुढे 200 किलोंचा दर आपल्या एका ग्राहकाला कळवून टाकला होता. तेवढा माल जुन्या दराने आणि उरलेला 300 किलो नव्या दराने देता येईल का, असे त्याने विचारले. संचालकांनी ते मान्य केले. 7,000 रुपयांऐवजी 2,800 रुपयांवर नुकसान थांबले. आयातदाराने आधीच विचारायला हवे होते, असे व्यवस्थापक अजूनही म्हणतात. मला ते पटत नाही. वाक्य आणि फाइल दोन्ही एकच सांगत असताना विचारायचे कशाबद्दल?

त्यानंतर कार्यालयात दोन गोष्टी बदलल्या. फाइलच्या नावात प्रथम तारीख आणि दर येतो, वस्तूचे नाव नंतर; त्यामुळे मोबाइलवर नाव कापले गेले तरी फरक दिसतो. 'फायनल' आणि 'न्यू' हे शब्द फाइलच्या नावात बंद आहेत. कृषी कार्यालयाला जाणारी मराठी पत्रे मात्र पूर्वीसारखीच 'उचित कार्यवाही' ची जातात, कारण तेथे ती भाषा दोन्ही बाजूंना कळते आणि तिने कोणाचे नुकसान झालेले नाही. बंगळूरूच्या एका खरेदीदाराला तिने परवा 'प्लीज रिव्हर्ट' लिहिले तेही मी तसेच जाऊ दिले.

एप्रिलमध्ये इंग्लंडच्या त्याच आयातदाराने दुसऱ्या लॉटसाठी विचारणा केली. तिने मसुदा केला आणि माझ्याकडे वाचायला दिला. दरपत्रकाची तारीख, दर, फाइलचे नाव, उत्तराची मुदत, सारे जागेवर होते. शेवटच्या ओळीत मात्र 'धिस प्राइस इज व्हॅलिड टिल 30 एप्रिल' असे होते. 'टिल' दिसताच मी पेन उचलले आणि त्यावर काट मारून 'बाय' लिहू लागलो.

'काका, थांबा नं,' ती म्हणाली. 'इथं टिलच पाह्यजे. भाव तीस तारखेपर्यंत रायतेच ना.'

मी पेनाचे टोपण लावले.